राजा कसा निवडतात, ते मावशीनेच का सांगायचं?

प्रश्न : माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला तो वीस बाजूंचे फासे खिशात घेऊनच. घरातल्या आम्हा पाच जणांना त्याने डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसवलं. तो स्वतः डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. माझ्या वाट्याला आली एक ड्वॉर्फ योद्धी, डोंगराच्या पोटात राहणारी. खेळ जेमतेम सुरू झाला होता, तोच त्याने विचारलं, "मावशी, तुमच्या लोकांत राजा कसा निवडतात?" मी म्हटलं, "अरे, ते तू सांगायचं ना, जग तुझं आहे." तर म्हणाला, "नाही, हे तू ठरव." मला तर वाटलं, पठ्ठ्या तयारी न करता आलाय आणि आता माझ्याकडून काम करून घेतोय. ही टाळाटाळ, की हा खेळ असाच असतो? आणि आपणच रचायचं, आपणच शोधायचं, तर त्यात थरार कसला? (मी बँकेत आहे. दोन्ही बाजूंना एकाचीच सही असलेला कागद आम्ही परत पाठवतो.)
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाच्यावरचा आरोप निम्मा मागे घ्या. तयारी न करता आलेला डंजन मास्टर असा प्रश्न विचारून वेळ मारून नेतो, हे खरं. पण कसून तयारी केलेलाही हाच प्रश्न विचारतो. दोघांतला फरक प्रश्नावरून कळत नाही. तुमच्या उत्तराचं तो पुढे काय करतो, त्यावरून कळतो.

खेळणाऱ्यांनी जग रचायला हातभार लावणं ही अलीकडची टूम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. हा खेळ जन्मालाच तसा आला. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली नावाचा तरुण सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून युद्धखेळ भरवायचा. १९६९ साली त्याने लढाईच्या आधीचं एक गाव खेळायला घेतलं. गावाचं नाव ब्राउनस्टाइन, काळ नेपोलियनचा. नेहमीसारखी पलटण हातात देण्याऐवजी त्याने काही जणांना एकेक माणूस दिला, कोणी महापौर, कोणी बँकर (तुमच्याच खात्यातला), कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कट शिजवू लागली, दोघांनी द्वंद्वयुद्ध पुकारलं, आणि वेस्लीने मनात योजलेली लढाई राहिली बाजूलाच. त्याला वाटलं, खेळ फसला. खेळणारे मात्र पुन्हा कधी खेळायचं म्हणून मागे लागले.

त्या कंपूतला डेव्ह आर्नेसन. त्याने १९७१ च्या सुमारास ब्लॅकमूर नावाची गढी आणि तिच्याखालची भुयारं रचली. इथे एक मजा झाली, ती जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. डेव्हिड फँट नावाच्या खेळाडूचं पात्र खेळता खेळता व्हॅम्पायर झालं, 'सर फँग' म्हणून. हा सर फँग इतका माजला की बाकीच्या खेळाडूंना त्याच्यापुढे उभं राहता येईना. मग त्याला आवरायला नव्या प्रकारचं पात्र निघालं, सिनेमातल्या व्हॅम्पायर मारणाऱ्यांवर बेतलेलं, पवित्र चिन्ह उगारून मेलेल्यांना पळवून लावणारं. ते खेळला माइक कार. आज डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जखमा भरून काढणारा, भुताखेतांना हुसकावणारा जो 'क्लेरिक' असतो, त्याचा हा मूळपुरुष. तुमच्या घरच्या पाचांत कोणी क्लेरिक घेतला असेल, तर त्याच्या पत्रिकेवर अर्ध्या शतकापूर्वीच्या एका खेळाडूचा उपद्व्याप बसलेला आहे. कोणा लेखकाने हे जग खोलीत बसून आखलं असतं, तर क्लेरिक सुचलाही नसता.

आर्नेसनने हा प्रकार विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्सने घरी येऊन स्वतःचा किल्ला काढला, ग्रेहॉक. पहिले खेळाडू त्याचीच मुलं, अर्नी आणि एलिस. अर्नीच्या जादूगाराचं नाव टेन्सर. 'अर्नेस्ट'ची इंग्रजी अक्षरं मागेपुढे केली की टेन्सर होतं. जिम वॉर्ड या खेळाडूचं नाव उलटं वाचून झाला ड्रॉमिज. गायगॅक्सच्या धाकट्या मुलाच्या, ल्यूकच्या, पात्राचं नाव मेल्फ, कारण पात्राच्या कागदावर 'पुरुष' यासाठी इंग्रजी 'एम' आणि पुढे 'एल्फ' असं लिहिलेलं होतं. टेन्सरची तरंगती तबकडी, मेल्फचा आम्लाचा बाण, हे मंत्र पुढे नियमपुस्तकांत छापले गेले आणि जगभरातली मुलं ते म्हणू लागली. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली पेटी आली, हजार प्रतींची. ग्रेहॉकचं जग पुस्तकरूपात आलं ते १९८० मध्ये, म्हणजे आधी माणसं खेळली आणि मग भूगोल छापला.

मधल्या काळात हे उलटं झालं. जगं आधी छापली जाऊ लागली. १९८७ साली एड ग्रीनवुडचं 'फरगॉटन रेल्म्स' पेटीतून आलं, त्याने लहानपणापासून मनात वाढवलेलं, नद्या-नगरं-देवदेवता सगळं आखून दिलेलं. माझा या जाडजूड पुस्तकांवर राग नाही, वाचायला झकास असतात. पण टेबलावर त्यांचा एक त्रास होतो. ज्याने पुस्तक वाचलंय तो खेळाडू दर दहा मिनिटांनी हात वर करतो आणि म्हणतो, "त्या शहरात तसलं देऊळ नाहीये." डंजन मास्टर आपल्याच घरात पाहुणा होतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक खेळ पुन्हा मूळ वळणावर आले, या वेळी मात्र ठरवून, नियम करून. २००२ च्या 'बर्निंग व्हील'मध्ये खेळाडू म्हणू शकतो, "माझ्या पात्राला किल्ल्यांची जाण आहे, या किल्ल्याला चोरवाट असणारच." फासे टाकायचे. दान पडलं तर चोरवाट आहे, आत्ताच झाली. नाही पडलं तर त्या माहितीला काय वाकडं वळण द्यायचं ते खेळ चालवणारा ठरवतो. 'अपॉकलिप्स वर्ल्ड' (२०१०) आणि त्यावरून निघालेला 'डंजन वर्ल्ड' (२०१२) हे खेळ चालवणाऱ्याला बजावून सांगतात की खेळाडूंना प्रश्न विचारा आणि उत्तरं वापरा, नकाशे काढा पण त्यांत मोकळ्या जागा सोडा. तुमचा भाचा बहुधा याच मुशीतून आलेला असावा.

'थर्टीन्थ एज' (२०१३) या खेळातली एक रीत मला फार आवडते. प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राबद्दल एक गोष्ट सांगायची, जी साऱ्या जगात दुसऱ्या कोणाबद्दलही खरी नाही. एखाद्याने सहज म्हटलं, "मी शेवटची एल्फ आहे." संपलं. त्या एका वाक्याने एक अख्खी जमात पुसली गेली. त्यांची जंगलं ओसाड झाली, त्यांची भाषा बोलायला कोणी उरलं नाही, आणि ते सगळे का मेले हा प्रश्न टेबलाच्या मधोमध येऊन बसला. जगाचा केवढा तरी भाग पात्रांच्या कागदांतूनच असा रचला जातो, आणि खेळाडूला वाटतं की आपण फक्त आपल्याविषयी बोललो.

आता तुमच्या दोन सह्यांकडे येतो. तुम्ही भाच्याला काय उत्तर दिलंत ते पत्रात लिहिलेलं नाही. आपण एक धरून चालू. समजा तुम्ही म्हणालात, "आमच्यात ज्याच्या डोक्यावर सगळ्यांत जास्त कर्ज, तो राजा. कारण तो जगावा असं सगळ्यांनाच वाटतं." बँकेतल्या माणसाला शोभेल असं उत्तर. भाचा हसेल, वहीत टिपून घेईल आणि विषय सोडून देईल. मग तुमच्या यजमानांकडे वळेल, ते समजा एल्फ व्यापारी झालेत. त्यांना विचारेल, "या राजाला सगळ्यांत मोठी रक्कम तुमच्या घराण्याने दिलीय. पणजोबांनी बदल्यात तारण काय ठेवून घेतलं होतं?" यजमान म्हणतील, "डोंगराची खालची वेस." झालं, नवरा-बायकोच्या पात्रांत एक जुनं दुखणं तयार झालं आणि भाच्याने स्वतःचं असं अजून काहीच घातलेलं नाही.

दोन बैठकांनंतर तो सांगतो की डोंगराच्या दारात सोन्याने भरलेल्या नऊ गाड्या उभ्या आहेत. कोणीतरी राजाचं सगळं कर्ज एकरकमी फेडायला आलंय.

तुमच्या पोटात गोळा येईल. कारण तुमच्याच नियमाने, कर्ज फिटलं की राजा संपला. तलवार न उपसता कोणीतरी राज्य उलथवतंय. नियम तुमचा होता, पण हा हल्ला तुमच्या स्वप्नातही नव्हता. कागदावर दोन सह्या आहेत, आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत.

खेळ रचणाऱ्यांच्या वर्तुळात एक गोष्ट बरीच वर्षं सांगितली जाते. संकट आणि त्याची सोडवणूक दोन्ही एकाच माणसाच्या हातात दिली की खेळायची मजा जाते. तुमची शंका नेमकी हीच आहे आणि ती रास्त आहे. समजा भाच्याने पुढे विचारलं असतं, "मावशी, या गाड्या कोणी पाठवल्या?" तर तिथे मात्र त्याचा कान पकडा. तुमच्या योद्धीला जे जन्मापासून ठाऊक असणार, ते तुम्हाला विचारावं : राजा, सण, शिव्या, कोणत्या पुलावरून जायचं नाही आणि का नाही. तिला जे शोधून काढायचंय, ते तुम्हाला विचारू नये. ही सीमा पाळणारा डंजन मास्टर कितीही प्रश्न विचारो, तुमचा थरार कमी होत नाही. उलट आपल्याच गावात आपल्याला माहीत नसलेलं काही निघालं, तर ते परक्या गावातल्यापेक्षा जास्त झोंबतं.

काही खेळ तर शेवटही आधी सांगून मोकळे होतात. बेन रॉबिन्सच्या 'मायक्रोस्कोप' (२०११) मध्ये डंजन मास्टरच नाही. खेळणारे मिळून एका संस्कृतीचा इतिहास कार्डांवर लिहितात, आणि पहिल्याच पायरीला आरंभ आणि अंत ठरवून टाकतात. साम्राज्य बुडणार हे ठरलं. मग पाळीपाळीने कोणी मधलं युग घालतो, कोणी त्यातली एखादी घटना, कोणी एखादा प्रसंग. आणि प्रत्येक प्रसंग एका प्रश्नाने सुरू होतो, उदाहरणार्थ सेनापतीने वेशीचं दार का उघडलं? उत्तर मिळेपर्यंत तो प्रसंग पात्रं घेऊन खेळायचा. कोकणातला दशावतार पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये. तिथे आख्यान सगळ्यांना पाठ, लिहिलेली संहिता नाही, संवाद रंगमंचावर जुळतात, आणि राक्षस मरणार हे ठाऊक असूनही माणसं पहाटेपर्यंत उठत नाहीत.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ग्रुपने ठरवलं की जग सगळ्यांनी मिळून बनवायचं. दोन तास चर्चा केली. आता त्यात उडती जहाजं आहेत, झोंबी आहेत, एकाला बंदुका हव्या होत्या म्हणून बंदुका आहेत, एकीला पाण्याखालचं शहर हवं होतं म्हणून तेही आहे. खेळायला बसलो तर कोणालाच मजा येईना. चुकलं कुठे?
– कोल्हापूर

उत्तर : दोन तास चर्चा केलीत, तिथे. मिळून रचणं म्हणजे एकत्र बसून ठराव पास करणं असा समज झाला की असंच होतं. प्रत्येकाचं मन राखायचं म्हणून सगळं आत घ्यायचं, आणि जे कोणालाच टोचत नाही तेवढंच उरतं.

वर आलेला 'मायक्रोस्कोप' याबाबत चांगलाच कडक आहे. ज्याची पाळी त्याने एकट्याने ठरवायचं. बाकीच्यांनी सुचवायचं नाही आणि त्यानेही विचारायचं नाही. ऐकायला हे तुसडं वाटतं. पण एकट्या माणसाच्या डोक्यातून जे तिरकस, खास त्याचं असं निघतं, ते पाच जणांच्या संमतीतून गाळून येत नाही. आधी मात्र एक यादी करायची असते, दोन रकान्यांची : या जगात नेहमी नसतं असं काय चालेल, आणि नेहमी असतं असं काय नको. तुमच्या ग्रुपने बंदुका 'नको'च्या रकान्यात टाकायला दहा मिनिटं भांडण केलं असतं, तर पुढचं बरंच निभावलं असतं. नकाराची यादी जास्त महत्त्वाची. जादू आहे पण मेलेला कोणी परत येत नाही, एवढ्या एका 'नको'ने जगाला चव येते.

दुसरा नमुना 'द क्वाएट इयर' (२०१३), अ‍ॅव्हरी आल्डर यांचा. पत्त्यांचा एक जोड, ५२ पानं, वर्षाचे ५२ आठवडे. मधे कोरा कागद, त्यावर एका वस्तीचा नकाशा सगळे मिळून काढतात. मोठा उत्पात होऊन गेलाय, वस्तीला शांततेचं एक वर्ष मिळालंय. पान उलटायचं, त्यावरचा प्रश्न वाचायचा, नकाशावर काहीतरी काढायचं. वस्तीची सभा भरवता येते, पण त्यात प्रत्येकाने एकदाच बोलायचं, आणि सभा कोणताही निर्णय न होता संपते. (आपल्या सोसायटीच्या सभांना गेलेल्यांना हा नियम वास्तववादी वाटेल.) कोणाला वाटलं की आपल्याला डावललं, तर त्याने वाद घालायचा नाही. मधल्या ढिगातून नाराजीची एक सोंगटी उचलून आपल्यासमोर ठेवायची. तिने खेळात काहीही बदलत नाही. ती नुसती दिसत राहते, आणि पुढच्या खेपेला धरण बांधायला निघालेला माणूस तिच्याकडे बघून बोलतो.

वर्ष कधी संपतं? हिवाळ्याच्या पानांत इस्पिकचा राजा आला की 'फ्रॉस्ट शेपर्ड्स' येतात आणि खेळ तिथल्या तिथे थांबतो. हे हिमाचे मेंढपाळ कोण, कशासाठी आले, नियमपुस्तक सांगत नाही. खेळाडूंनी सगळं रचलं असलं तरी एक दार बाहेरून बंद ठेवलेलं बरं असतं, ते असं.

तुमच्या जगाचं काय करायचं? फेकू नका. पाण्याखालचं शहर जिने मागितलं तिला द्या, तिचं पात्र तिथलंच करा, आणि तिथल्या गोष्टींबद्दल तिलाच विचारा. उडती जहाजं ठेवलीत तर ती कोणाला परवडतात ते ज्याने मागितली त्याने सांगावं. झोंबींचा वाली कोणी निघाला नाही, तर ते गेले असं समजा.

प्रश्न : तीन वर्षं पाच मित्रांनी खेळून आमचं जग तयार झालंय. डंजन मास्टर मी होतो. आता त्यावर कादंबरी लिहावीशी वाटते. हे जग माझं म्हणता येईल का?
– मुंबई

उत्तर : असं पूर्वी झालंय, आणि छान झालंय. जपानमध्ये १९८६ साली 'कॉम्प्टिक' मासिकात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बैठकांचे वृत्तांत क्रमशः छापून आले. डंजन मास्टर होते र्‍यो मिझुनो. त्यांतूनच त्यांच्या 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' कादंबऱ्या निघाल्या. त्यातली डीडलिट ही एल्फ तरुणी जपानी कल्पित कथांत फार गाजली. टेबलावर ती भूमिका खेळत होते हिरोशी यामामोतो, तेही पुढे नावारूपाला आलेले लेखक. कॅनडातले स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एसलमाँट दोघेही पुरातत्त्ववाले. १९८२ पासून त्यांनी खेळाकरता मलाझनचं जग रचलं, आणि आज त्या एकाच जगावर दोघांच्याही स्वतंत्र कादंबऱ्या आहेत. तुमच्या मित्रांपैकी कोणी उद्या लिहायला बसला तर तुम्हाला चालेल का, हे स्वतःला आधीच विचारून ठेवा.

उलटं उदाहरणही आहे. ऐंशीच्या दशकात गायगॅक्स आपणच स्थापन केलेल्या टीएसआर कंपनीतून बाहेर पडला, ग्रेहॉक कंपनीकडे राहिलं. १९९७ मध्ये ती कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रोने. आर्नेसनला तर मानधनासाठी कोर्टात जावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सने पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली खुला केला. त्यात तरंगती तबकडी आहे, आम्लाचा बाण आहे. टेन्सर आणि मेल्फ ही नावं काढून टाकलेली आहेत.

तेव्हा दोन कामं करा. तुमच्या जगात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकांतून आलेलं काय काय आहे ते वेगळं काढा. बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर असले प्राणी कंपनी आपले मानते, ते कादंबरीत आणू नका. मग उरलेल्याची यादी करून प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी आणली त्याचं नाव लिहा. प्रामाणिकपणे लिहिलीत तर तुमचं नाव अपेक्षेपेक्षा कमी वेळा येईल. ती यादी घेऊन पाचही जणांना भेटा, आणि जे ठरेल ते कागदावर घ्या. कोणी आपलं पात्र द्यायला तयार नसेल तर ते बदला. त्या पात्राचं नाव, घराणं आणि जखम तिन्ही बदलली, तर बहुतेक वेळा कादंबरीचं बिघडत नाही.